कच्चा कैदी, वॉर्ड आणि रात्रपाळी: न्यायवैद्यक मानसिक आरोग्यसेवेसाठी नर्सिंगची मानके

गोव्यातील एका मानसिक आरोग्य संस्थेच्या पुरुष वॉर्डातले हे प्रकरण आहे. रुग्ण आणि कर्मचारी ओळखता येऊ नयेत म्हणून वय, गाव, प्रसंगाचे काही तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण शिकण्यासारखे जे आहे ते त्या क्रमातच आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण तिशीतला, डिचोली तालुक्यातला. शेजाऱ्यावर कोयत्याने वार केल्याच्या आरोपावरून न्यायालयीन कोठडीत होता. तुरुंगात त्याचे जेवण कमी झाले, झोप गेली, रात्री भिंतीकडे तोंड करून तो बोलू लागला. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने कळवले आणि न्यायालयाने त्याला संस्थेत पाठवले. उपचार करायचे होतेच, शिवाय स्वतःचा बचाव करण्याच्या मनःस्थितीत तो आहे का, हेही कळवायचे होते. १ जुलै २०२४ पासून ही प्रक्रिया भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ ते ३७८ नुसार चालते. त्याआधी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२८ ते ३३९ मध्ये होती.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चे कलम १०३ कैदी रुग्णांसाठी आहे. प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य संस्था असावी, असे ते सांगते. तुरुंगात मनोरुग्णांचा वॉर्ड नसेल तर कैद्याला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाच्या पूर्वपरवानगीने बाहेरच्या संस्थेत हलवता येते. मग असा रुग्ण साध्या वॉर्डात, इतर रुग्णांच्या शेजारच्या खाटेवर येतो आणि त्याच्याबरोबर दोन पोलीस येतात. वॉर्ड त्यासाठी बांधलेला नसतो आणि नर्सेसना त्याचे वेगळे प्रशिक्षणही सहसा मिळालेले नसते. इथेही तसेच होते: रात्रपाळीला दोन नर्सेस, एक अटेंडंट, फोनवर ड्युटी डॉक्टर.

काय घडले

चवथीचे (गणेशचतुर्थीचे) दिवस होते, निम्मा स्टाफ रजेवर. संध्याकाळपासून रुग्ण येरझाऱ्या घालत होता. आठच्या गोळ्या त्याने नाकारल्या, टीव्ही बंद करायला सांगणाऱ्या अटेंडंटवर ओरडला. ही तिन्ही लक्षणे तिघांनी वेगवेगळी पाहिली. एकत्र कुठेच मांडली गेली नाहीत. रात्री पहारा बदलला. नव्या हवालदाराने त्याचा उजवा हात बेडीने खाटेच्या कठड्याला अडकवला. "सिस्टर, हा पळाला तर माझी नोकरी जाईल," एवढेच तो म्हणाला. कुणी त्याच्याकडे आदेश मागितला नाही.

पहाटे दोनच्या सुमारास रुग्णाला लघवीला जायचे होते. बेडीची किल्ली दुसऱ्या शिपायाकडे होती आणि तो चहाला गेला होता. रुग्णाने खाट ओढली, हाका मारल्या, जवळ आलेल्या अटेंडंटला लाथ मारली. ड्युटी डॉक्टरांनी फोनवर हॅलोपेरिडॉल ५ मिग्रॅ. आणि प्रोमेथाझिन ५० मिग्रॅ. स्नायूत द्यायला सांगितले. इंजेक्शन दिले गेले आणि चारही हातपाय बँडेजच्या पट्ट्यांनी बांधले. ऑनकॉल मानसोपचारतज्ज्ञांना फोन झाला नाही. तीनपर्यंत रुग्ण झोपला.

पट्ट्या सुटल्या दुसऱ्या दिवशी दुपारी एकनंतर. सकाळच्या पाळीला वाटले की रात्री तसा आदेश झाला असेल. रात्रपाळीने धरून चालले होते की सकाळच्या राउंडला डॉक्टर सोडवतील. हवालदाराचे म्हणणे एकच: बांधलेला बरा. केस पेपरवर नोंद होती ती अशी: "पेशंट व्हायोलंट. इंजेक्शन दिले. रिस्ट्रेंट केले. झोपला."

मनगटावर फोड आले आणि अंगठ्याच्या मागची त्वचा बधिर झाली. बेडी किंवा पट्टा मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दाबून राहिला की तिथल्या रेडियल नसेची वरवरची शाखा चेपते. पकड राहते, पण संवेदना जाते. म्हणून हात हलतोय एवढे पाहून 'ठीक आहे' म्हणता येत नाही, अंगठ्याच्या मागे बोट फिरवून विचारावे लागते. ते कुणी विचारले नाही. पुढच्या तारखेला वकिलाने मनगट पाहिले आणि न्यायालयाने खुलासा मागवला. रुग्णाचा भाऊ वॉर्डात येऊन म्हणाला, "आमच्या माणसाला बांधून ठेवलं होतं हे आम्हाला कोर्टात कळतं?" त्याला उत्तर द्यायला कुणाकडेच काही नव्हते.

अडचण नेमकी कुठे होती

मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ९७ रुग्णाला बांधण्याविषयी आहे. त्याची वाक्ये या रात्रीशेजारी ठेवली की चूक जागोजागी दिसते. बांधणे हा तातडीची इजा टाळण्याचा एकमेव मार्ग असला पाहिजे आणि उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने त्याला मान्यता दिली पाहिजे. गरजेपेक्षा क्षणभरही जास्त बांधता येत नाही. पद्धत, कारण आणि कालावधी लगेच नोंदवायचा असतो. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने नेमलेल्या व्यक्तीला, २४ तासांत कळवायचे असते. शिक्षा किंवा धाक म्हणून बांधता येत नाही, आणि केवळ माणसे कमी आहेत म्हणूनही नाही. एकांतकोठडीला तर पूर्ण मनाई आहे. दर महिन्याला सर्व घटना मंडळाला कळवायच्या असतात.

बेडीचा प्रश्न वेगळा. १९८० च्या प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बेडी हा अपवाद ठरवला. १९९५ मध्ये आसाममधील प्रकरणात तर रुग्णालयातल्या खाटेला बेडीने जखडलेल्या कैद्यांचाच प्रश्न होता. कैद्याला बेडी घालायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश हवा, असे न्यायालयाने बजावले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३(३) काही गंभीर गुन्ह्यांत अटक करताना आणि न्यायालयात हजर करताना बेडीची मुभा देते. वॉर्डातली खाट त्यात येत नाही.

संस्थेने चौकशी सुरू केली तेव्हा फाइलमध्ये आणखी एक नोंद सापडली, आणि आमच्या मते ती मनगटाच्या जखमेइतकीच गंभीर होती. दाखल झाल्यानंतर काही दिवसांनी एका नर्सने लिहिले होते: "पेशंटने गुन्हा कबूल केला." रुग्ण प्रत्यक्षात काय बोलला होता हे विचारल्यावर तिला चांगले आठवत होते: "त्याने माझ्या डोक्यात तार घातली होती, रोज रात्री करंट सोडायचा, म्हणून मी त्याला थांबवला." पहिल्या वाक्यात आरोपीची कबुली दिसते. दुसऱ्यात आजाराचे लक्षण आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ खाली कृत्याच्या वेळची मनःस्थिती तपासताना नेमके तेच उपयोगी पडते. नोंद करणारीच्या मनात काही वाईट नव्हते. ही फाइल उपचारासाठी आहे आणि उद्या न्यायालयातही वाचली जाऊ शकते, हे तिला कुणी सांगितले नव्हते. शिवाय फाइल नर्सिंग टेबलावर उघडी असायची आणि पहाऱ्यावरचे पोलीस ती चाळायचे.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय मेमोचा: रात्रपाळीच्या दोघींना कारणे दाखवा, सर्वांना परिपत्रक. झटपट झाले असते. पण त्या रात्री नर्सने वेगळे काय करायचे होते, हे संस्थेच्या कोणत्याच कागदावर लिहिलेले नव्हते. जे सांगितलेच नाही त्याबद्दल शिक्षा देणे न्यायाचे नव्हते. दुसरा पर्याय कैदी रुग्णांसाठी वेगळा सुरक्षित वॉर्ड बांधण्याचा. तो हवाच आहे, पण इमारत उभी राहीपर्यंत रुग्ण येतच राहणार.

तिसऱ्यावर बरीच चर्चा झाली: परदेशातली तयार मानके घ्यायची. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात न्यायवैद्यक मानसिक आरोग्य नर्सिंगची स्वतंत्र मानके आहेत. इंग्लंडमध्ये उच्च, मध्यम आणि कमी सुरक्षेची रुग्णालये वेगळी असतात. ब्रॉडमूर, रॅम्पटन, अ‍ॅशवर्थ ही उच्च सुरक्षेची. त्यांचा गाभा घेण्यासारखा आहे: सुरक्षा भिंतीपेक्षा रुग्णाला ओळखणाऱ्या माणसामुळे जास्त राहते, जोखीम रोज बदलते, नर्सने उपचार आणि पहारा यांची सरमिसळ करू नये. पण ती सगळी रचना असे धरून चालते की सुरक्षा रुग्णालयाच्याच हातात आहे. आपल्याकडे ती पोलिसांच्या हातात असते आणि पोलीस रुग्णालयाच्या आदेशाखाली नसतात. मानके जशीच्या तशी उचलली असती तर पहिल्याच रात्री या भेगेत अडकली असती.

म्हणून चौथा पर्याय निवडला: स्वतःची मानके लिहायची, एका वॉर्डात वापरून पाहायची, मग पसरवायची.

काय केले

गटात नर्सिंग सुपरिंटेंडंट, दोन वॉर्ड इन्चार्ज, रात्रपाळीची एक नर्स, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि मनोसामाजिक कार्यकर्ती होती. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आणि पोलीस एस्कॉर्टचे निरीक्षक दोन बैठकांनंतर आले. पहिला मसुदा 'नर्सने रुग्णाच्या प्रतिष्ठेचा आदर करावा' अशा वाक्यांनी भरलेला होता. रात्रपाळीच्या नर्सने विचारले, "हे मी पहाटे दोनला कसं करू?" त्या प्रश्नाने मसुद्याचा बाज बदलला. पुढे प्रत्येक मानकाखाली चार गोष्टी लिहायच्या ठरल्या: कोण करेल, केव्हा, कुठे नोंदवेल, आणि करणे शक्य नसेल तर कुणाला फोन करेल. ज्यात ही चार उत्तरे बसेनात ते मानक काढून टाकले. शेवटी आठ उरली. त्यांतली महत्त्वाची अशी:

भूमिका सांगणे. पहिल्याच भेटीत नर्स रुग्णाला त्याच्या भाषेत, कोकणी, मराठी किंवा हिंदीत, सांगते: "मी तुमची नर्स आहे. तुम्ही सांगाल ते उपचार करणाऱ्या टीमला कळेल. कोर्ट कागद मागू शकतं. केसबद्दल मी तुम्हाला विचारणार नाही." रुग्ण फार अस्वस्थ असेल तर तो शांत झाल्यावर हे पुन्हा सांगायचे आणि सांगितल्याची वेळ लिहायची. मोफत कायदेशीर मदतीचा हक्कही त्याच वेळी कानावर घालायचा.

नोंद. पाहिले ते लिहायचे, निष्कर्ष लिहायचा नाही. 'भास होतात' याऐवजी 'रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून सुमारे १० मिनिटे बोलत होता, हाक मारल्यावर थांबला'. 'नाटक करतो' हा शेरा पूर्ण बंद. घटनेविषयी रुग्ण आपणहून बोलला तर उलट प्रश्न नाहीत. त्याचे शब्द अवतरणात, ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत, आणि मानसोपचारतज्ज्ञाला त्याच पाळीत कळवणे. तो खटल्याला सामोरा जाण्यास सक्षम आहे का, यावर नर्सने मत लिहायचे नाही. झोपेचे तास, जेवण, आंघोळ, इतरांशी वागणे यांचा तक्ता अहवालाला जोडला जातो आणि तो फार मोलाचा असतो, कारण डॉक्टर रुग्णाला अर्धा तास पाहतात आणि नर्स चोवीस तास. फाइल कुलुपात. पोलिसाला माहिती हवी तर लेखी मागणी, संस्थाप्रमुखांमार्फत.

जोखीम. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ब्रोसेट तपासणीसूची, म्हणजे रुग्ण हिंसक होण्याची शक्यता मोजणारी यादी. ती नॉर्वेतली, सहा मुद्द्यांची: गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरडा, तोंडी धमकी, शारीरिक धमकी, वस्तूंवर हल्ला. प्रत्येकी शून्य किंवा एक गुण. १-२ म्हणजे मध्यम जोखीम, ३ किंवा अधिक म्हणजे लगेच उपाय. चवथीच्या त्या संध्याकाळी सूची भरली असती तर निदान चिडचिड आणि आरडाओरडा यांचे दोन गुण आठ वाजताच कागदावर आले असते आणि गोळ्या नाकारल्याचे डॉक्टरांना पहाटेऐवजी तेव्हाच कळले असते.

बांधणे. इथे सर्वांत अवघड निर्णय होता. नर्सला डॉक्टरांचा फोन लागेपर्यंत पट्टे लावण्याची मुभा द्यावी का? रात्रपाळीचे म्हणणे, द्या, नाहीतर मार आम्ही खातो. वकिलांचे म्हणणे, कायदा मान्यता मानसोपचारतज्ज्ञाचीच मागतो. तोडगा निघाला तो असा: हाताने धरणे चालू असताना दुसरी व्यक्ती फोन लावेल, ऑनकॉल तज्ज्ञाने पाच मिनिटांत उचलला नाही तर दुसऱ्या तज्ज्ञाचा क्रमांक भिंतीवर लावलेला, मान्यतेशिवाय पट्टा नाही. धरण्यासाठी माणसे पुरावीत म्हणून शेजारच्या दोन वॉर्डांतून एकेक जण येण्याची घंटा ठरली. ही घंटा नसती तर हे मानक कागदावरच राहिले असते.

पट्टे रुंद आणि आतून मऊ. बँडेज, टॉवेल, ओढणी बाद, कारण ओढल्यावर त्यांची दोरी होते. पट्टा आणि कातडी यांच्यात दोन बोटे सरकली पाहिजेत. रुग्णाला पालथे कधीच नाही, छातीवर-पाठीवर गुडघा नाही; तसे केल्याने श्वास कोंडून माणूस दगावतो. डोक्याची बाजू वर, कारण गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. एक नर्स सतत समोर. दर १५ मिनिटांनी बोटांचा रंग, उष्णता, संवेदना, श्वास, नाडी. इंजेक्शननंतर पहिला तासभर रक्तदाब आणि ऑक्सिजनही तितक्याच वेळाने. हॅलोपेरिडॉलने मान किंवा डोळे वळल्यासारखे झाले तर लगेच डॉक्टर. पाणी आणि लघवी विचारायची, रुग्णाने मागण्याची वाट पाहायची नाही. झोप लागली की पट्टे सुटलेच पाहिजेत. पाळी बदलताना बांधलेला रुग्ण असेल तर दोन्ही पाळ्यांच्या नर्सेस खाटेपाशी उभ्या राहून हँडओव्हर करतात आणि मान्यतेचा कागद डोळ्यांनी पाहतात. मूळ घटनेतले कित्येक तास नेमके या एका जागी वाढले होते.

पोलीस. हे नर्सिंगच्या मानकांत घ्यावे का, यावरही मतभेद होते. पोलिसांवर नर्सचा अधिकार नाही, असा आक्षेप होता आणि तो खरा आहे. पण बेडीमुळे झालेली जखम धुणार नर्सच. म्हणून नर्सचे काम आदेश देण्याचे न ठेवता विचारण्याचे ठेवले: बेडी असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची प्रत फाइलला आहे का? नसेल तर छापील अर्जावर वेळ टाकून इन्चार्ज आणि एस्कॉर्ट निरीक्षकांना कळवायचे. पहारा दाराबाहेर, रुग्ण दिसेल असा; वॉर्डात बंदूक नाही; किल्ली कायम जागेवर असलेल्या शिपायाकडे.

उरलेल्या मानकांत चमचे-वस्तरे मोजणे, गोळी गिळली का हे तोंड उघडून पाहणे, कुटुंबाला कळवणे आणि घटनेनंतर रुग्णाशी व कर्मचाऱ्यांशी बसून बोलणे हे येते.

परिणाम

बेडी हळूहळू थांबली. सुरुवातीला प्रत्येक नव्या हवालदाराशी तोच संवाद करावा लागे. निरीक्षकांनी एस्कॉर्टच्या ड्युटी पासावरच सूचना छापल्यावर फरक पडला. बांधण्याचा वेळ खूप कमी झाला, कारण समोर बसून राहावे लागते म्हटल्यावर कुणीच रुग्णाला विनाकारण बांधून ठेवत नाही. नोंदी सुधारल्या. ब्रोसेट सूचीचे मात्र तसे झाले नाही. ती पाळीच्या शेवटी एकदम, सगळे शून्य टाकून भरली जाऊ लागली. मग ती हँडओव्हरच्या वहीतच छापली; गुण मोठ्याने वाचल्याशिवाय हँडओव्हर पूर्ण होत नाही.

रुग्णाचा बधिरपणा काही आठवड्यांत गेला. ओलान्झापिनवर तो स्थिरावला, काही महिन्यांनी खटला चालवता येईल असा अहवाल गेला आणि तो तुरुंगात परतला. इथे पुन्हा खोट निघाली: औषधाची चिठ्ठी एस्कॉर्टच्या फाइलमध्येच राहिली आणि काही दिवस गोळ्या चुकल्या. भावाने भेटीच्या दिवशी ओळखले आणि संस्थेला फोन केला. नववे मानक त्यातून आले: परत पाठवताना किमान सात दिवसांची औषधे बरोबर, तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी फोन, चिठ्ठीवर त्यांची पोच. रुग्ण क्लोझापिनवर असेल तर लाल शाईत सूचना, कारण ४८ तासांहून जास्त खंड पडला की जुना डोस एकदम देता येत नाही, पुन्हा लहान डोसपासून चढवावे लागते.

वेगळे काय करता आले असते

पोलीस निरीक्षकांना पहिल्या बैठकीपासून बोलवायला हवे होते. त्यांच्याशिवाय लिहिलेली दोन पाने फाडावी लागली. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला गटात घेतलेच नाही, म्हणून परतीची बाजू कुणाच्या डोळ्यासमोर आली नाही. रुग्णाच्या बाजूने भाऊ एकदाच बोलला, तोही रागात. नातेवाइकांना शांतपणे विचारले असते तर कळवण्याचे मानक अधिक नेमके झाले असते. आता त्यात फोनवरच्या बोलण्याची ओळही दिली आहे, कारण 'तुमच्या रुग्णाला बांधले' हे वाक्य कसे सांगायचे हे नर्सलाही कळत नाही.

त्या रात्रीच्या दोघींना पुढे मेमो मिळाला नाही, आणि ते योग्यच झाले. पण त्यांच्याशी कुणी वेळेवर बसून बोललेही नाही. त्यातल्या एकीने बदली मागून घेतली. घटनेनंतरची बैठक ७२ तासांत घ्यायची, असे मानकात आता आहे. त्या दोघींसाठी ती झाली नाही.

महिला वॉर्डाचे काम बाकी आहे. तिथे रात्री महिला शिपाई असेलच असे नाही, झडती कोण घेणार हे ठरलेले नाही, आणि कैदी आईबरोबर लहान मूल आले तर त्याची नोंद कोणत्या कागदावर, याचे उत्तर आठांत नाही की नवव्यात नाही. त्या मसुद्यासाठी महिला वॉर्डातल्या रात्रपाळीच्या नर्सेसकडून अडचणींची यादी मागवली आहे.